तुझा 'न'

मंदा,

आपल्या पापडी गावच्या मंडळाचा अंक निघतोय. त्यासाठी तुझ्याबद्दल चार ओळी आणि एक फोटो द्या म्हणून माझ्या मागे लागलेत. नमुना म्हणून मागच्या अंकातलं एक पान दाखवलं. 'अत्यंत मनमिळाऊ, सर्वांशी गोड बोलणाऱ्या.' ते वाचलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मला हसू आलं. सर्वांशी गोड बोलणारी म्हणे, आणि कोण, तर तू! फाटकात स्कूटर आडवी लावणाऱ्या समोरच्या भाडेकरूला विचारायला हवं तू किती गोड बोलायचीस ते. त्या चार ओळी मी देणार नाही. जे सांगायचंय ते तुलाच सांगायचंय, आणि आज दुपारी घडलं ते डोक्यात ताजं आहे तोवर सांगून टाकतो.

आधी घरचं सांगतो. तुझं तेरावं झालं, रेवा आणखी थोडे दिवस राहिली, मग तिलाही बंगळूरला नोकरीवर जावंच लागलं. लेकीला धरून ठेवू नका, असं तूच म्हणायचीस, म्हणून स्टेशनपर्यंत सोडायला गेलो आणि हसत हात हलवला. घरी आलो तर आई खाटेवर आणि मी खुर्चीत. दोघांपैकी एकाला आठवत नाही आणि दुसऱ्याला विसरता येत नाही. बोलणार काय!

आईला सांगितलंच नाही असं समजू नकोस. सांगितलं. तिने ऐकलं, पदर तोंडाला लावून रडली, 'माझ्याआधी कशी गेली' म्हणाली. संध्याकाळी दिवा लावताना मला विचारते, "मंदा कुठे आहे?" मी परत सांगितलं, ती परत पहिल्यासारखीच रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत विचारलं तेव्हा मी म्हटलं, "वाडीत गेलीय." तेव्हापासून तू वाडीतच आहेस. केळीला पाणी सोडतेस, अबोली खुडतेस, बावखलाच्या तळ्याकाठचं गवत काढतेस. इतकं काम तू जिवंतपणीही केलं नसशील.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. या घरात मला 'अहो' म्हणणारं आता कोणी उरलं नाही. रेवा फोनवर 'बाबा' म्हणते, सकाळी आईला आंघोळ घालायला येणारी संगीता 'काका' म्हणते, आई मनात असेल तर 'बाळ' म्हणते, नाहीतर तिचा भाऊ समजून 'दादा'. परवा बाजारात एक बाई मागून 'अहो' म्हणाली आणि मी वळलो. ती आपल्या नवऱ्याला हाक मारत होती. मी उगीच कोथिंबिरीची जुडी उचलून बघत उभा राहिलो.

माझ्याने एकट्याने आईचं होईना. गोळ्यांच्या वेळा चुकत होत्या, एकदा ती खाटेवरून उतरताना पडता पडता वाचली. तेव्हा रेवाने एक यंत्र पाठवलं. हो, यंत्र. कमरेएवढं उंच, खाली चाकं, मध्ये ट्रे धरायला एक हात, आणि वर तव्याएवढी काच, तिच्यात दोन डोळे. बायकी आवाजात शुद्ध मराठी बोलतं. गोळ्या देतं, पाणी देतं, आई उठायला लागली की मला हाक मारतं, विचारलं की गप्पाही मारतं. कंपनीने नाव ठेवलंय सोबती. मी जन्मभर टेलिफोनच्या खात्यात यंत्रांशी भांडलो, निवृत्त झाल्यावर एक घरातच राहायला आलं.

उंबरठ्याला त्याची चाकं अडली. मी फळी टाकली तेव्हा ते आत आलं. आईने खाटेवरून मान वर केली आणि विचारलं, "नवी सून आणलीस? माप ओलांडायला दिलंत का तिला?" संगीता हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसलो, आणि मग तू माप ओलांडलंस तो दिवस आठवला. तांदूळ पार देवघरापर्यंत उडाले होते आणि आई म्हणाली होती, "अगं, माप ओलांडायचं असतं, बॉल मारायचा नसतो."

पहिल्याच दिवशी आईने त्या सोबतीला विचारलं, "मंदा कुठे आहे?" ती म्हणाली, "मला माहीत नाही, विचारून सांगते." आणि चाकांवर घरंगळत माझ्याकडे आली. "मंदा कोण आहेत? त्या कुठे आहेत?" मी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरून म्हटलं, "वाडीत." यंत्राशी खोटं बोलताना काही वाटू नये, पण वाटलं.

आता पाण्याचं सांगतो.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते पाण्यापायीच. अर्नाळ्याला तुमच्या आळीत फोन जोडायला आलो होतो. उन्हात खांबावर चढून उतरलो, घशाला कोरड पडलेली, आणि तू तांब्या पुढे करून म्हणालीस, "पानी घ्या." न आणि ण यांतला फरक मला तेव्हा ऐकूही आला नाही. नंतर तो फोन सारखा बिघडायला लागला आणि सारखा मीच दुरुस्तीला येत राहिलो. तुझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाटत होतं की आमचं खातंच वाईट.

आईला मात्र ऐकू आला. आई पडली मास्तरांची मुलगी. वाडीतली बोली आमच्याकडे ओटीवर थांबायची, आत यायला तिला परवानगी नव्हती. मासळीवाल्यांची मुलगी केली म्हणून आईने घराणं काढलं नाही, जात काढली नाही, नाक मुरडलं नाही. सगळा राग तिने एका अक्षरावर काढला. तू पेला पुढे करायचीस.

"आई, पानी घ्या."

आईचे हात मांडीवर. "पाणी."

"पानीच हाय ह्यात."

"पाणी म्हण, मग घेते."

"तुमचं पाणी बावखलात. ह्यात पानी हाय, प्यायचं तर प्या."

आणि पेला खाली ठेवून तू आत जायचीस. आई घटकाभर अशीच बसून राहायची, मग कोणी बघत नाही असं पाहून प्यायची. तू स्वयंपाकघराच्या दारातून बघत असायचीस. हे रोज, दिवसातून दोनदा-तीनदा, आपली रेवा शाळेत जाऊन कॉलेजातून बाहेर पडली तरी चालूच.

तू मला म्हणायचीस, "तुमच्या आईला माझ्या हातचं चालतं, माझ्या तोंडचं चालत नाय." मी म्हणायचो, अगं, मग एकदा म्हणून टाक की. तुला येतं. रेवाच्या शाळेतल्या बाईंशी बोलताना बरोबर म्हणतेस. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं. "येतं म्हनून तर म्हनत नाय." हा वाद आपला मिटला नाही तो नाहीच. मला विचारशील तर मी आजही म्हणेन, तुझाच हट्ट जास्त होता. तू नाहीस म्हणून मी मागे घेणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं.

पुढे आईचं डोकं रिकामं व्हायला लागलं. रेवाचं नाव गेलं, वार गेले, जेवलो की नाही ते गेलं. पण पेला पुढे आला की 'पाणी म्हण' जागच्या जागी. तू तिचं सगळं करत होतीस, न्हाऊमाखू घालणं, कपडे, पथ्यपाणी, आणि ती पेल्यापुढे हात बांधून बसलेली. तू म्हणायचीस, "डॉक्टरला सांगा, ह्यांची आठवन तपासायची तर मला बोलवा."

तर सोबती आली आणि ट्रेवर पेला घेऊन म्हणाली, "आई, पाणी घ्या." अगदी स्वच्छ ण. आईच्या वडिलांनी पाठ थोपटली असती.

आई म्हणाली, "चूक."

"आई, पाणी घ्या."

"चूक. परत म्हण."

आम्हाला वाटलं, गंमत चाललीय. पण आई पाणी घेईना. यंत्राने आवाज वाढवला, मग तोडून तोडून म्हटलं, पा-णी. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी दिलं तर दोन घोट घ्यायची आणि ओठ मिटून घ्यायची. चमच्याने द्यायला गेलो तर हनुवटीवरून ओघळायचं. आणि ते यंत्र दर थोड्या वेळाने माझ्याकडे येऊन त्याच गोड आवाजात सांगायचं, "आईंनी आज पुरेसं पाणी घेतलेलं नाही." मला दिसत होतं ते, बाई. मला दोन डोळे आहेत.

ताक करून पाहिलं, सरबत करून पाहिलं, शहाळं आणलं. डॉक्टर येऊन गेले. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. म्हणाले, जीभ बघा कशी सुकलीय, उद्यापर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर दाखल करून सलाईन लावावं लागेल. त्या हॉस्पिटलात मी तुला घेऊन गेलो होतो आणि तुझ्या चपला पिशवीत घालून एकटा परत आलो होतो. आईला तिथे न्यायची माझी हिंमत नव्हती. आणि तिला नेलं असतं तर घरी कोण उरलं असतं, तेही डोक्यात येत होतं. आई गेली तर तू वाडीत आहेस असं सांगायलाही कोणी राहणार नाही.

आज दुपारी मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. किडके दाणे बाजूला काढायचं काम तुझं, त्यामुळे माझं काही धड होत नव्हतं. आत सोबती म्हणाली, "आई, पाणी घ्या." आई म्हणाली, "चूक. नीट म्हण." आवाज बसलेला, पण तोरा तोच. तो तोरा मी कितीतरी वर्षं ऐकलाय. मी दारातून डोकावलो. आईचे हात मांडीवर होते, अगदी तसेच, आणि ती पेल्याकडे बघतही नव्हती. ती दुसऱ्या माणसाच्या बोलण्याची वाट बघत होती.

मग मला कळलं, मंदा. तिला ते बरोबर म्हटलेलंच चूक वाटत होतं.

शेंगांची परात तशीच टाकून मी आत गेलो, पेला उचलला आणि म्हटलं, "आई, पानी घे."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी शाळेतला मुलगा झालो. "तू कशाला तिच्यासारखा बोलतोस? तिला दे म्हणावं. तिच्या हातचं घेईन."

म्हणून मी यंत्राकडे वळलो. म्हटलं, "पाणी म्हणू नकोस, पानी म्हण." ती म्हणाली, "योग्य उच्चार 'पाणी' असा आहे." मी म्हटलं, "योग्य मला माहीत आहे, तू अयोग्य म्हण." तिने एकदा म्हटलं आणि पुढच्याच वाक्याला परत ण. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी रेवाला फोन लावला. म्हटलं, तू पाठवलेली ही बया आजीच्या वर आहे, आजीनेही कोणाला इतकं सुधारलं नसेल.

काय झालं ते सगळं रेवाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई लोनी पण म्हणायची, बाबा."

मी म्हटलं, "अंगन."

"बहीन."

"कोनी नाय."

आम्ही दोघं एकेक आठवून म्हणत होतो आणि हसत होतो, आणि मग तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, आईचे व्हॉइस मेसेज आहेत माझ्याकडे, खूप आहेत. सोबतीला दिले तर ती सेम आईच्या आवाजात बोलेल. देऊ?"

खोटं कशाला सांगू, मला हवा होता. भिंतीला टेकून उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे आलं की मी ओटीवर बसलोय आणि आतून तुझा आवाज येतोय, अहो, दूध बघा, उतू जातंय. ते एवढंसं ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. पण मी नको म्हटलं. तुझा आवाज त्या यंत्रात घातला असता तर मी त्याच्याशी भांडायला लागलो असतो, आणि त्याने दरवेळी नमतं घेतलं असतं. तू एकदा तरी घेतलंस का? तुझ्या आवाजात 'ठीक आहे, तुम्ही म्हणता तसं' हे मला ऐकवलं नसतं.

"आवाज नको," मी रेवाला म्हटलं. "तिला फक्त न दे."

"मग ते तुम्हीच समजावून सांगा. कारण सांगितलं तर ती लक्षात ठेवते."

म्हणजे मला कारण सांगणं आलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून यंत्राला बाहेर ओटीवर नेलं आणि स्टूल ओढून मी त्या काचेपुढे बसलो. त्यातले दोन डोळे माझ्याकडे बघत होते, आणि मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी घसा खाकरला. म्हटलं, "मंदा माझी बायको. आईला पाणी तीच द्यायची. ती पानी म्हणायची. दुसऱ्या कोणाकडून आई घेत नाही."

"मंदाताई वाडीतून आल्यावर त्या देऊ शकतील का?"

"नाही," मी म्हटलं. "ती वाडीत नाही. ती गेली."

मंदा, हे मी आजवर कोणाला बोललोच नव्हतो. लोकांना दुसऱ्या लोकांनी कळवलं, फोन रेवाने केले, दारावर आलेल्यांना मला बघूनच समजत होतं. आईला सांगताना मी 'देवाघरी' म्हटलं होतं, ती लहान असल्यासारखं. 'ती गेली' हे दोन शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाले ते एका चाकावरच्या यंत्रापुढे. ते म्हणालं, "ऐकून वाईट वाटलं." मी म्हटलं, "तुला काय डोंबल वाटणार?" त्याने राग मानला नाही. विचारलं, "आईंना मात्र त्या वाडीत आहेत असंच सांगत राहू?"

"हो."

"आणि पाण्याला पानी म्हणू?"

"आईला देताना."

"बरं," ती म्हणाली, आणि पेला भरून आणायला गेली. मी तिथेच स्टुलावर रडलो. बऱ्याच दिवसांचं साठलेलं होतं.

मी डोळे पुसून दाराशी गेलो तेव्हा ती खाटेजवळ पोचली होती. आवाज तिचाच होता, परका, गुळगुळीत. म्हणाली, "आई, पानी घ्या."

आईने मान फिरवली. काचेकडे नीट बघितलं. हात मांडीवरच. "पाणी," ती म्हणाली.

यंत्र गप्प. भांडायचं मी त्याला शिकवलं नव्हतं. मला वाटलं, आता गेलं सगळं. पण आईने हात पुढे केला, पेला दोन्ही हातांत धरला आणि न थांबता प्यायली. पेला रिकामा झाला. हनुवटी पुसली आणि म्हणाली, "अजून." दुसरा पेलाही अर्ध्याच्या वर गेला. मी चौकट घट्ट धरून उभा होतो.

मग ती थांबली. पुढच्या बोलण्याची वाट बघत असावी. पानीच हाय ह्यात, हे तुझं वाक्य यायला हवं होतं आणि येत नव्हतं. दारात उभं राहून मला ते म्हणता आलं असतं, पण जीभ उचलेना.

"आज भांडत नाहीस?" आईने विचारलं. "बरं नाही का?"

आणि तिने हात लांब करून त्या काचेवर पालथा ठेवला, आपण कपाळाला लावून बघतो तसा. काच चालून चालून गरम होतेच.

"अंग तापलंय की तुझं. सांगायचं नाही का? एकटीने सगळं ओढायचं आणि अंगावर काढायचं. जा, पड जा जरा. चहाचं मी बघते."

मंदा, हा आवाज कोणाचा? आई तुझ्याशी असं बोलताना मी कधी ऐकली नव्हती. तू ऐकली होतीस का? मी कामावर गेल्यावर, दुपारच्या वेळी, तुम्ही दोघीच घरात असताना असं काही बोलायची का ती? का आजच पहिल्यांदा बोलली, आणि तेही एका काचेशी? एवढं मला सांग. जन्मभर शेजारी राहून हे मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यातली एक विसरलीय आणि दुसरी तू.

सोबती म्हणाली, "बरं आई, मी थोडा आराम करते." ती कोपऱ्यात गेली, भिंतीतल्या तारेला जोडली गेली आणि तिने काचेतले डोळे मिटले. आई तिकडे बघत राहिली. सून आजारी असल्यावर सासूच्या तोंडावर असते तेवढीच काळजी होती, जास्त नाही. तिच्यापुरती तू वाडीतून घरी आली होतीस. रेवाला दिलासा मिळाला, डॉक्टरांना फोनवर कळवलं तर तेही खूश झाले. या घरात तू गेलेली आहेस ती आता माझ्या एकट्यापुरती.

मी पेला उचलायला आत शिरलो. पायाखाली उंबरठ्यावरची फळी वाजली तशी आईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती कुजबुजली. "मंदाला बरं नाही, आत्ता कुठे डोळा लागलाय. उठवू नकोस."

मी म्हटलं, "नाही उठवत."